विश्लेषण : गुलाल कितव्या फेरीला उधळायचा?

२३ नोव्हेंबर २०२४ रोजी नेवासा विधानसभा मतदारसंघाचा निकाल लागला, तेव्हा शिवसेनेचे विठ्ठलराव लंघे यांच्या नावापुढे ९५,४४४ मते होती आणि शिवसेना (उद्धव बाळासाहेब ठाकरे) पक्षाचे शंकरराव गडाख यांच्या नावापुढे ९१,४२३. फरक ४,०२१ मतांचा. तिसऱ्या क्रमांकावरील प्रहार जनशक्ती पक्षाचे बाळासाहेब मुरकुटे यांना ३५ हजारांहून अधिक मते मिळाली, म्हणजे विजयाच्या फरकाच्या जवळपास नऊपट.

नेवाशाला असे निकाल नवे नाहीत. २०१४ मध्ये भाजपचे मुरकुटे यांनी गडाखांना ४,६५९ मतांनी हरवले होते. २०१९ मध्ये क्रांतिकारी शेतकरी पक्षाच्या चिन्हावर लढलेल्या गडाखांनी त्याच मुरकुटेंना ३०,६६३ मतांनी मागे टाकले. दहा वर्षांत तीन निवडणुका, तीन वेगळे निकाल आणि त्यातले दोन पाच हजारांच्या आतले. अशा तालुक्यात मतमोजणीचा दिवस कसा जातो, हे सांगायला नको. सकाळी आठपासून प्रत्येक हातात मोबाइल आणि प्रत्येक मोबाइलवर एकच शब्द : आघाडी.

या शब्दाने जेवढा गोंधळ घातला आहे, तेवढा दुसऱ्या कशानेच घातलेला नाही, असे माझे मत आहे. ‘अमुक यांनी पिछाडी भरून काढली’, ‘तमुक यांची जोरदार मुसंडी’ अशी वाक्ये आपण क्रिकेटच्या सामन्यातून उचलली आहेत. सामन्यात धावा त्या क्षणी काढल्या जातात. मतमोजणीत काहीच घडत नसते. मते तीन दिवसांपूर्वीच, २० नोव्हेंबरला पडलेली होती. मोजणीच्या दिवशी ती फक्त एका ठरलेल्या क्रमाने उघडली जातात. क्रम बदलला असता तर आघाड्या-पिछाड्यांची सगळी कथा बदलली असती, निकाल मात्र तोच राहिला असता.

फेरी म्हणजे काय, आणि ती कोणत्या गावांची?

विधानसभेच्या मोजणीला साधारणपणे १४ टेबले मांडलेली असतात. एका टेबलावर एका वेळी एका मतदान केंद्राचे यंत्र येते. चौदा टेबलांवरची चौदा यंत्रे मोजून झाली की एक फेरी संपते. यादीतील केंद्रांना क्रमांक असतात आणि यंत्रे त्याच क्रमाने येतात : पहिल्या फेरीत १ ते १४, दुसऱ्या फेरीत १५ ते २८. हे क्रमांक गावांवरून उड्या मारत नाहीत, शेजारून शेजारी सरकतात. त्यामुळे एका फेरीत तालुक्याचा सगळा रंग कधीच दिसत नाही, दिसतो तो एक पट्टा.

नेवासा मतदारसंघ म्हणजे जवळजवळ अख्खा तालुकाच. नकाशा डोळ्यांपुढे आणा. प्रवरासंगम-टोक्याकडची गोदाकाठची गावे एकीकडे, कुकाणा-भेंडे पट्टा दुसरीकडे, घोडेगाव-सोनई तिसरीकडे. सोनई हे गडाखांचे गाव आणि मुळा सहकारी साखर कारखान्याचेही. भेंड्याला ज्ञानेश्वर कारखाना. ऊस कोणत्या कारखान्याला जातो, पाणी कोणत्या कालव्याचे येते, सोसायटी कोणाच्या ताब्यात आहे, यावर गावांचा कल बसलेला असतो आणि तो शेजारच्या चार-पाच गावांत सहसा सारखाच असतो. म्हणून एखाद्या फेरीत एक उमेदवार दोन हजारांनी पुढे गेला, तर ‘वारे फिरले’ असे म्हणण्याआधी ती फेरी कोणत्या गावांची होती, हे विचारायला हवे. त्याच्या घरच्या पट्ट्यात तो तीन हजारांनी पुढे जाईल अशी अपेक्षा असेल, तर दोन हजारांची आघाडी ही त्याच्यासाठी वाईट बातमी असते. जुने कार्यकर्ते हे बरोबर ओळखतात. मोजणी केंद्राबाहेर आघाडी ऐकूनही एखाद्याचा चेहरा उतरतो, तो यामुळे.

आता थोडा हिशेब. समजायला सोपे जावे म्हणून आकडे गोल धरतो. केंद्रे २८० आणि मतदान सव्वादोन लाखांच्या आसपास धरू. मग एका यंत्रात सरासरी ८०० मते येतात, एका फेरीत सुमारे ११ हजार आणि एकूण फेऱ्या होतात २०. या मापाने पाहिले तर ४,०२१ मतांचा फरक अर्ध्या फेरीइतकाही भरत नाही. त्याच दिवशी आपल्याच जिल्ह्यात कर्जत-जामखेडला रोहित पवार राम शिंदे यांच्यापेक्षा १,२४३ मतांनी पुढे राहिले आणि पारनेरला काशिनाथ दाते राणी लंके यांच्यापेक्षा १,५२६ मतांनी. म्हणजे दीड-दोन यंत्रांत मावतील एवढीच मते.

समजा, २० पैकी १५ फेऱ्या झाल्या आणि एक उमेदवार ६ हजारांनी पुढे आहे. डीजेवाल्याला फोन गेलेला असतो, स्टेटसला फोटो चढलेले असतात. पण अजून पाच फेऱ्या, म्हणजे ५६ हजार मते उघडायची आहेत. तिसरा उमेदवार त्यातली नऊएक हजार घेईल असे धरले, तर दोघांत वाटायला उरतात ४७ हजार. मागे असलेल्याला बरोबरी साधायला त्यातली साडेसव्वीस हजार लागतील, म्हणजे शंभरात साडेछप्पन. उरलेली गावे मिश्र असतील तर हे अवघड आहे. ती त्याच्याच पट्ट्यातली असतील तर अजिबात अवघड नाही. आता हाच हिशेब १९ फेऱ्यांनंतरच्या ४ हजारांच्या आघाडीचा करा. उरलेल्या एका फेरीत दोघांत वाटायला साडेनऊ हजारांच्या आतच मते राहतात आणि मागच्याला शंभरातली सत्तरहून अधिक हवीत. तिथे गुलालाची पिशवी फोडायला हरकत नाही. आधीची आघाडी सहा हजारांची होती आणि ही चार हजारांची. तरी पक्की आहे ती चारचीच.

सकाळी साडेआठचे ‘कल’ कशाचे असतात?

आठ वाजता टपाली मते मोजायला घेतात आणि अर्ध्या तासाने यंत्रे. टपाली मते म्हणजे निवडणूक कामावरचे कर्मचारी, सैन्यदलातील मतदार आणि घरून मतदान केलेले ८५ वर्षांपुढील व दिव्यांग मतदार यांची. त्यांची संख्या साधारणपणे यंत्रांच्या एका फेरीपेक्षाही कमी भरते. पण वाहिन्यांना पडदा भरायचा असतो. मग नऊच्या आत २८८ पैकी शे-दोनशे जागांचे ‘कल’ झळकतात. त्यातल्या कितीतरी ठिकाणी एकही यंत्र उघडलेले नसते.

याचा परिणाम ८ ऑक्टोबर २०२४ ला हरियाणात दिसला. सुरुवातीच्या कलांमध्ये काँग्रेस स्पष्ट पुढे होती आणि दिल्लीत पक्ष कार्यालयाबाहेर ढोल वाजायला लागले. दुपारपर्यंत चित्र उलटे झाले. अखेर ९० पैकी भाजपला ४८ आणि काँग्रेसला ३७ जागा मिळाल्या. आयोगाच्या संकेतस्थळावर आकडे मुद्दाम उशिरा येत आहेत, अशी तक्रार काँग्रेसने त्याच दिवशी केली आणि आयोगाने ती फेटाळली. आकडे संकेतस्थळावर उशिरा येतात हे खरे आहे, त्यामागचे साधे कारण मात्र फारसे कोणी सांगत नाही. फेरीच्या टेबलांची बेरीज होते, निवडणूक निर्णय अधिकारी आणि निरीक्षक ती पाहतात, मग ती संगणकात भरली जाते. वाहिनीचा माणूस किंवा पक्षाचा प्रतिनिधी टेबलावरचा आकडा कागदावर उतरवून त्याआधीच बाहेर कळवतो. एकाच मतदारसंघाचे एका वेळी तीन वेगळे आकडे फिरतात ते असे. ते तिन्ही खरे असू शकतात, फक्त वेगवेगळ्या फेरीचे.

टपाली मतांचे दुसरे टोक मुंबईने पाहिले. २०२४ च्या लोकसभेला मुंबई वायव्य मतदारसंघात यंत्रांतील मते मोजून झाली, तेव्हा अमोल कीर्तिकर यांना ४,५१,०९५ आणि रवींद्र वायकर यांना ४,५१,०९४ मते होती. साडेचार लाखांत एका मताचा फरक. टपाली मते मिळवल्यावर वायकर ४८ मतांनी विजयी झाले. तोपर्यंत कीर्तिकर जिंकल्याच्या बातम्या लागूनही गेल्या होत्या. ‘जिंकलेला उमेदवार पाडला’ ही भावना तिथूनच तयार झाली. प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि डिसेंबर २०२४ मध्ये याचिका फेटाळली गेली. उच्च न्यायालयातला प्रश्न तिथे संपला. पण ज्याने सायंकाळी पेढे वाटले आणि रात्री पराभव ऐकला, त्याच्या मनातला प्रश्न कोणत्या निकालपत्राने मिटणार?

या बाबतीत आयोगाने एक चांगला बदल केला आहे, आणि तो उशिरा केला आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये असे ठरले की टपाली मतांची मोजणी पूर्ण झाल्याशिवाय यंत्रांची शेवटून दुसरी फेरी सुरू करायची नाही. पूर्वीही असाच दंडक होता, २०१९ मध्ये तो सोडून देण्यात आला. विरोधी पक्ष तो परत मागत होते तेव्हाच मान्य झाला असता, तर बरीच कटुता टळली असती.

शेवटच्या फेरीनंतरही काम असते. चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या पाच केंद्रांच्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या यंत्राच्या आकड्याशी ताडून पाहाव्या लागतात. २०१९ पासून सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने हे सुरू आहे. एखादे यंत्र उघडलेच नाही तर ते बाजूला ठेवतात आणि विजयाचा फरक त्यातल्या मतांपेक्षा कमी असेल तरच त्याचा विचार होतो. म्हणून चुरशीच्या जागी ‘फेऱ्या संपल्या, मग निकाल का थांबवला?’ या प्रश्नाला बहुतेक वेळा निरुपद्रवी उत्तर असते.

अमेरिकेत तरी वेगळे काय?

ही अडचण जगभरची आहे. अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार ठरवायला राज्याराज्यांत प्राथमिक निवडणुका होतात, आणि तिथे निकाल सांगणारा देशपातळीवरचा निवडणूक आयोगच नाही. मोजणी स्थानिक यंत्रणा करतात, आयोवासारख्या ठिकाणी तर पक्षच सभा घेऊन करीत आला आहे. रात्री ‘अमुक जिंकले’ असे सांगते ती असोसिएटेड प्रेससारखी वृत्तसंस्था. अधिकृत प्रमाणपत्र काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनी येते.

३ जानेवारी २०१२ रोजी आयोवात मिट रॉम्नी ८ मतांनी पुढे असल्याचे जाहीर झाले. पुढचे दोन आठवडे ते विजेते म्हणूनच फिरले आणि त्याच तोऱ्यात त्यांनी न्यू हॅम्पशायरही जिंकले. मग आयोवाचे अंतिम आकडे आले : रिक सँटोरम ३४ मतांनी पुढे. आठ केंद्रांचे कागद तर सापडलेच नाहीत. प्राथमिक निवडणुकांत पहिल्या विजयाची हवा पुढच्या राज्यांत आणि देणगीदारांत चालते. सँटोरम यांना ती मिळालीच नाही.

तरी त्यांच्या वृत्तसंस्थेची एक रीत आपण घ्यावी अशी आहे. मागे असलेल्या उमेदवाराला उरलेल्या मतांतून पुढे येण्याचा मार्ग शिल्लक नाही, अशी खात्री झाल्यावरच ती विजेता सांगते. पुढे कोण यापेक्षा उरले काय, याचा हिशेब ती मांडते. वर नेवाशाचा केला तोच.

आणखी एक धागा आपल्या माणसाचा. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार ऑगस्ट २०२२ मध्ये मिशिगनमधील डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत नऊ उमेदवारांतून सुमारे २८ टक्के मतांवर पहिले आले आणि नोव्हेंबरमध्ये अमेरिकी काँग्रेसवर निवडून गेले. त्याआधी २०१८ मध्ये त्यांनी राज्यपालपदाच्या उमेदवारीसाठी अशीच निवडणूक लढवून हार पत्करली होती. मते नऊ ठिकाणी फुटली की २८ टक्केही पुरतात. नेवाशाच्या २०२४ च्या तिरंगी लढतीत ते कळायला अमेरिकेपर्यंत जायची गरज पडली नव्हती. मुरकुटेंची ३५ हजार मते कोणाच्या खिशातून गेली, यावर पारावर अजून वाद होतात. त्यात मी पडत नाही.

फेरीचा पट्टा सांगायचा, तर मग गुप्ततेचे काय?

माझी मागणी साधी आहे. वर्तमानपत्रे, वाहिन्या आणि मोबाइलवरची पोर्टले यांनी ‘आघाडी’ हा शब्द एकटा वापरू नये. त्याच्या शेजारी २० पैकी कितवी फेरी आणि अजून अंदाजे किती मते बाकी, हे लिहावे. आयोगाच्या निकालाच्या संकेतस्थळावर मतदारसंघ उघडला की किती फेऱ्यांपैकी किती झाल्या, हे लिहिलेले असते. फेरीनिहाय तक्ताही असतो. तेवढे दोन आकडे उचलून पट्टीत टाकायला काहीच खर्च नाही. ते टाकले जात नाहीत, कारण ‘थरारक लढत’ त्याशिवाय जास्त थरारक दिसते. या धंद्यातला माणूस म्हणून हे लिहितो आहे.

याच्या पुढची मागणी थोडी नाजूक आहे. फेरीपुढे तिच्यातली गावेही द्यावीत का? वाचकाच्या सोयीने पाहिले तर द्यावीत. पण इथे दुसरी भीती आहे, आणि नेवाशासारख्या सहकाराच्या तालुक्यात ती पुस्तकी नाही. निकालानंतर केंद्रनिहाय मतांचा तक्ता प्रसिद्ध होतो. उमेदवारांच्या प्रतिनिधींना तर प्रत्येक केंद्राचा १७-सी नमुना हातात मिळतो. कोणत्या गावाने, कोणत्या वस्तीने किती दिले, हे त्यातून उघड होते. मग रस्ता कोणाचा रखडला, ऊसतोडीची टोळी कोणाच्या फडात उशिरा आली, याची कारणे लोक त्या तक्त्यात शोधतात. काही वेळा तो नुसता संशय असतो, काही वेळा नसतो.

मतपत्रिकांच्या काळात अनेक केंद्रांच्या पत्रिका मिसळून मोजण्याची सोय होती. यंत्रे आली आणि ती गेली. चौदा यंत्रांची एकत्रित बेरीज दाखवणारे ‘टोटलायझर’ वापरावे, असे आयोगाने २००८ मध्ये सुचवले आणि विधी आयोगानेही २०१५ च्या अहवालात त्याची शिफारस केली. केंद्र सरकारने ते मानले नाही. पक्षांना केंद्रनिहाय आकडे हवे असतात, हे त्यामागचे उघड गुपित.

मला विचाराल तर फेरीचा पट्टा सांगावा, केंद्राचा आकडा सांगू नये. चौदा यंत्रांच्या अकरा हजार मतांत एखादी वस्ती बोट ठेवून दाखवता येत नाही, आणि निकाल कसा येतो आहे हे समजायला तेवढे पुरते. १७-सी प्रतिनिधींना मिळायलाच हवा, कारण ताळा करण्याचे तेच एक साधन आहे. मात्र तो मोबाइलवर फोटो काढून गावाच्या ग्रुपवर टाकण्यासाठी नाही. केंद्रनिहाय तक्ता सर्वांसाठी खुला करण्याबाबत पुन्हा चर्चा व्हायला हवी, असे मी म्हणतो तेव्हा पारदर्शकतेचे पुरस्कर्ते नाराज होतात. त्यांचा मुद्दा मला समजतो. पण ज्या गावाला पुढच्या पाच वर्षांत त्याच आमदाराकडे आणि त्याच कारखान्याकडे जायचे आहे, त्याचीही बाजू आहे.

हरलेल्याला शंका घ्यायला मात्र वाट हवीच, आणि ती आहे. दुसऱ्या व तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला निकालानंतर सात दिवसांत पाच टक्के यंत्रांची तपासणी मागता येते. एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तशी सोय करून दिली आहे. ‘बाराव्या फेरीपर्यंत पुढे होते, मग अचानक कसे मागे पडले?’ हा प्रश्न त्या तपासणीत आधार म्हणून फारसा उपयोगी नाही. तेरावी फेरी कोणत्या गावांची होती, हा प्रश्न विचारला तर बऱ्याचदा तपासणीची गरजही उरत नाही.

हे सारे विधानसभेचे आणि लोकसभेचे. लोकसभेला नेवासा शिर्डी मतदारसंघात मोडतो आणि तिथे सहा विधानसभा क्षेत्रांची मोजणी समांतर चालते, त्यामुळे फेरीच्या आकड्यात अकोले, संगमनेर आणि नेवासा एकत्र मिसळून येतात. तिथली आघाडी थोडी अधिक विश्वासाची असते. ग्रामपंचायतीला तर आघाडी नावाचा प्रकारच जवळजवळ नसतो. प्रभागाची एक-दोन यंत्रे टेबलावर येतात, आकडे वाचले जातात आणि पाच-दहा मिनिटांत बाहेर गुलाल उडतो. मते समसमान पडली तर चिठ्ठी टाकतात.